रंगांतील पांढरी भरणद्रव्ये : वस्तू आणि नावे

गोंदिया शहराच्या लगत असलेले नागरा हे गाव तेथील प्राचीन शिवमंदिरामुळे पुष्कळांस ठाऊक आहे. भाषाभ्यासकाच्या दृष्टीने या परिसराचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. झाडीबोली, पोवारी आणि हिंदी या येथे शेजारी शेजारी नांदतात, आणि पूर्वेस थोड्याच अंतरावर छत्तीसगढीचा प्रदेश सुरू होतो. अशा प्रदेशात एका वस्तूस तीन नावे आणि एका नावाखाली तीन वस्तू असा प्रकार वारंवार आढळतो. भिंत पांढरी करण्याच्या द्रव्यांविषयी तर तो विशेषच आढळतो. चुना, खडू, शाडू, पांढरी माती, छत्तीसगढीतील छुही, शंखजिरे, सफेता, सुतार-रंगाऱ्यांची लांबी आणि अलीकडील पुट्टी ही सर्व नावे एकाच पांढऱ्या भुकटीची वाटावीत इतकी एकमेकांत मिसळली आहेत.

हा केवळ शब्दांचा प्रश्न असता तर तो भाषाशास्त्राच्या वर्गापुरता ठेवता आला असता. पण दिवाळीच्या आधी रंगाचा डबा घेण्यास निघालेल्या गृहस्थास तो पैशांचा प्रश्न होऊन भेटतो. दुकानात तीन डबे असतात, तिन्हींवर पांढरा रंग असे लिहिलेले असते, आणि भाव तीन प्रकारचे असतात. या फरकाचे मोठे कारण डब्यात पांढरे रंगद्रव्य किती आणि पांढरे भरणद्रव्य किती, हे असते. इंग्रजीत ज्यास फिलर अथवा एक्स्टेंडर म्हणतात त्यास प्रस्तुत लेखात भरणद्रव्य म्हटले आहे. भरणद्रव्य म्हणजे भेसळ, असा समज सर्वत्र आहे. तो कोठे खरा आणि कोठे खोटा, हे पाहण्यासाठी प्रथम पांढरेपणा म्हणजे काय, ते पाहिले पाहिजे.

चुना लावणाऱ्याचा अनुभव असा की, ओला हात फिरतो तेव्हा भिंत पांढरी दिसत नाही. जुने डाग तसेच दिसत राहतात. नवखा मनुष्य घाबरून दुसरा जाड हात देतो आणि मागाहून पोपडे पडतात. जाणता कारागीर स्वस्थ बसतो, कारण भिंत वाळली की ती आपोआप उजळते. येथे पदार्थ वाढला नाही. फक्त कणांच्या मधले पाणी गेले आणि त्या जागी हवा आली.

याचा उलगडा वक्रीभवनाने होतो. प्रकाश एका माध्यमातून दुसऱ्यात जाताना, दोहोंचे वक्रीभवनांक जितके दूर तितका त्याचा अधिक भाग परत फिरतो. हवेचा अंक १, पाण्याचा १.३३, जवसाच्या तेलाचा किंवा रंगातील राळेचा सुमारे १.५, आणि खडूचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटाचा, सरासरीने १.६ धरता येतो. खडूचा कण हवेत असेल तर त्याच्या पृष्ठावर सरळ पडलेल्या प्रकाशाचा सुमारे ५ टक्के भाग परततो. तोच कण राळेत बुडाला की हे प्रमाण हजारात एक इतके खाली येते. भुकटीत असे लक्षावधी पृष्ठभाग असतात, म्हणून कोरडा खडू शुभ्र दिसतो आणि तेलात मळलेला खडू पिवळसर, अर्धपारदर्शक गोळा होतो. खिडकीच्या काचेस बसविण्याची जुनी लांबी ती हीच : जवसाचे तेल आणि खडूची पूड. पूर्व विदर्भात धानाच्या मागोमाग जवस घेण्याची पद्धत जुनी आहे, तेव्हा या पदार्थाचा निम्मा संसार येथल्याच शेतातला म्हणावयास हरकत नाही.

टायटॅनियम डायऑक्साइडाच्या रूटाइल या प्रकाराचा अंक सुमारे २.७ आहे. राळेत बुडूनही त्याच्या पृष्ठावरून सुमारे ८ टक्के प्रकाश परततो, म्हणजे खडूच्या कितीतरी पट. म्हणून तेलरंगात व चकचकीत रंगात झाकण्याचे काम खरोखर तोच करतो. १९१६च्या सुमारास नॉर्वे व अमेरिकेत त्याचे व्यापारी उत्पादन सुरू झाले आणि पुढील काही दशकांत त्याने शिशाच्या व जस्ताच्या पांढऱ्या रंगद्रव्यांस मागे सारले. गंमत अशी की हे सर्वांत पांढरे द्रव्य इल्मेनाइट या काळ्या खनिजापासून मिळते. आपल्याकडे रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूत ते आहे. ही प्रक्रिया खर्चाची असते. खडू दळणे त्या मानाने स्वस्त, आणि येथेच भरणद्रव्याचा प्रवेश होतो.

भरणद्रव्य केवळ स्वस्त म्हणून घातले जाते, असे मानल्यास मात्र रंगशास्त्रातील निम्मी गोष्ट सुटते. टायटॅनियमचे कण प्रकाश उत्तम पसरवितात ते साधारण पाव मायक्रॉन व्यासाचे आणि एकमेकांपासून काही अंतरावर असताना. ते गर्दी करून चिकटले तर दोन कण मिळून एकाचेच काम करतात. बारीक दळलेले भरणद्रव्य त्यांच्या मध्ये बसून त्यांना दूर ठेवते. तेच भरणद्रव्य जाडेभरडे असेल तर उलट होते : मोठ्या खड्यांच्या फटींत टायटॅनियमचे कण कोंबले जातात आणि महाग द्रव्य वाया जाते. म्हणून डब्यात खडू आहे की नाही, यापेक्षा तो किती बारीक आहे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

दुसरा प्रश्न प्रमाणाचा. कणांना धरून ठेवणारे राळेसारखे द्रव्य, म्हणजे बंधक, सर्व फटी भरण्यास जेमतेम पुरते, अशी एक सीमा असते. आस्बेक आणि व्हॅन लू यांनी १९४९ मध्ये तिचे विवेचन केले आणि तेव्हापासून ती रंगरसायनाचा पाया मानली जाते. सीमेच्या अलीकडे रंगाचा थर सलग, धुता येण्याजोगा असतो. सीमा ओलांडली की फटींत हवा शिरते. हवा शिरताच, वर सांगितलेल्या कारणाने, स्वस्त खडूही पांढरा दिसू लागतो! साध्या डिस्टेंपरचे रहस्य हेच. वाळल्यावर तो उत्तम झाकतो, पण हात लावला की हातास लागतो, ओले फडके फिरविले की पुसतो, आणि पावसाळ्यात भिंत ओलावली की मागचे डाग पुन्हा दिसू लागतात. गोंदियासारख्या भरपूर पावसाच्या, तळ्यांच्या प्रदेशात बाहेरच्या भिंतीस असा रंग देणे म्हणजे दरवर्षी तोच खर्च करणे होय. आतल्या कोरड्या छतास मात्र तो अगदी योग्य आहे; तेथे कोणी हात लावीत नाही आणि चकाकीही नको असते.

चुन्याची गोष्ट निराळी आहे आणि ती खडूशी एक समजू नये. चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सियसला भाजली की कळीचा चुना होतो, पाण्यात विझविला की मऊ निवळी होते, आणि भिंतीवर लावल्यावर हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून तो पुन्हा चुनखडी बनतो. म्हणजे चुना स्वतःच भरण आणि स्वतःच बंधक आहे. खडूच्या पुडीस ही शक्ती नाही. तिला सरस, डिंक किंवा राळ लागते. चुन्यातही चिकटपणासाठी डिंक किंवा भाताची पेज घालण्याची आणि पिवळेपणा मारण्यासाठी नीळ टाकण्याची चाल होती, ती अनाठायी नव्हती.

भरणद्रव्यांचे स्वभाव त्यांच्या कणांच्या आकारावर फार अवलंबून असतात. खडूचे कण गोळीसारखे, त्यामुळे ते फार तेल पीत नाहीत आणि मोठ्या प्रमाणात खपतात. अम्ल मात्र त्यांस सोसत नाही. चिनी मातीचे, म्हणजे केओलिनाचे कण पातळ चकत्यांसारखे असतात. ते रंगास दाटपणा देतात आणि डब्याच्या तळाशी घट्ट थर बसू देत नाहीत. शंखजिऱ्याचे कणही चकत्यांसारखेच, पण अत्यंत मऊ. खनिजांच्या काठिण्यश्रेणीत त्याचा अंक १, तर खडूच्या खनिजाचा ३ आणि गारेचा ७. लोखंडावरच्या पहिल्या हातात या चकत्या कौलांप्रमाणे एकावर एक बसतात, आणि पाण्याला धातूपर्यंत पोचण्यास वळणावळणाची वाट घ्यावी लागते. शंखजिऱ्याचा अॅल्युमिनियमयुक्त भाऊबंद पायरोफिलाइट हा आपल्या जवळचा आहे. १ मे १९९९ पर्यंत गोंदिया ज्याचा भाग होता त्या भंडारा जिल्ह्यात साकोली समूहाच्या खडकांत तो कायनाइट व सिलिमनाइट यांच्या संगतीत सापडतो.

बेराइटाविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण भेसळ या शब्दाचा खरा इतिहास तेथे आहे. हे बेरियम सल्फेट. त्याचे नावच मुळी ग्रीक भाषेतील जड या अर्थाच्या शब्दावरून आले आहे. त्याचे विशिष्ट गुरुत्व सुमारे ४.५ आहे, खडूचे २.७. अम्लाचा त्यावर परिणाम होत नाही. भारतात त्याचा मोठा साठा आंध्र प्रदेशातील मंगमपेट येथे आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपात सफेता, म्हणजे शिशाचे पांढरे रंगद्रव्य, वजनावर विकला जाई, आणि तोही जड असल्यामुळे बेराइट त्यात बेमालूम खपे. व्यापाऱ्यांनी यासाठी नावेही प्रतिष्ठित केली होती : सफेता व बेराइट समभाग असल्यास व्हेनिस व्हाइट, एकास दोन असल्यास हँबर्ग व्हाइट, एकास तीन असल्यास डच व्हाइट. नाव जाणणाऱ्यास प्रमाण कळे. न जाणणारा शहराच्या नावास भुलून पैसे मोजी. माझ्या मते भेसळ ठरते ती येथे. प्रमाण उघड असेल तर तेच मिश्रण म्हणजे एक प्रत होय.

नावांकडे वळलो आहोतच, तर आपल्या नावांचीही थोडी झाडाझडती घेऊ. चुना हा शब्द संस्कृत चूर्ण या शब्दापासून आला. म्हणजे मुळात त्यात द्रव्याचा नव्हे, बारीकपणाचा अर्थ आहे. खडू संस्कृत खटिकेच्या कुळातला. पण वर्गातील आजचा खडू पुष्कळदा जिप्समचा असतो. वस्तू बदलली, नाव टिकले. शंखजिरे या शब्दात शंखही नाही आणि जिरेही नाही. फारसीतील संगे जराहत, म्हणजे जखमेवर लावावयाचा दगड, याचे संगजिरे झाले आणि अपरिचित संग जाऊन परिचित शंख आला. पदार्थ पांढरा असल्याने तो शोभलाही. सफेता फारसीच. तो बाजारात पुढे जस्ताच्या द्रव्यासही लावला गेला, ही गोष्ट निरुपद्रवी नव्हती, कारण शिसे विषारी आहे आणि जस्ताचे द्रव्य त्या मानाने निर्धोक. घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांपेक्षा अधिक नसावे, असा नियम भारतात २०१६ मध्ये झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला.

पांढरी या शब्दास तर मराठीत वेगळाच मान आहे. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, चुना आणि पडक्या भिंतींची माती मिसळून वस्तीची जमीन पांढुरकी होते. दख्खनेत धाब्यांवर पसरण्यासाठी ही माती जुन्या गढींतून उकरून नेली जाई आणि त्यात पुराणवस्तुशास्त्राचे फार नुकसान झाले. रंगाच्या दृष्टीने ती शुद्ध भरणद्रव्य नव्हे.

नव्या परिभाषेचा प्रयत्न आपल्या भागात झाला नाही असे नाही. डॉ. रघुवीर यांनी नागपुरास असताना कॅल्शियमसाठी चूर्णातु हा शब्द घडविला. व्युत्पत्तीने तो चुन्याचा सख्खा नातेवाईक आहे, रचनाही निर्दोष आहे. पण दुकानदार आणि रंगारी या दोघांनीही तो उचलला नाही, आणि आज शाळेतही कॅल्शियमच चालते. त्याउलट, कोणत्याही समितीने न घडविलेला लांबी हा शब्द कारागिरांत रुळला. आता त्याची जागा पुट्टी घेत आहे. पण भिंतीवरची आजची पुट्टी बहुधा पांढरे सिमेंट किंवा राळ आणि दळलेला संगमरवर अथवा डोलोमाइट यांची असते. तेलाची लांबी ती नव्हे. दोन शब्द राहिले तर दोन वस्तू वेगळ्या ओळखता येतील, म्हणून दोन्ही राहावेत, असे मला वाटते.

पुट्टी घासणाऱ्या मजुराच्या बाबतीत भरणद्रव्याचे नाव जाणणे आणखी निकडीचे आहे. शुद्ध खडूची धूळ त्रासदायक असली तरी फुप्फुसास कायमची इजा करणारी मानली जात नाही. त्यात गारेची बारीक पूड मिसळलेली असेल तर ती वर्षानुवर्षे श्वासावाटे जाऊन सिलिकोसिस होतो, आणि काही खाणींतील शंखजिऱ्यात अॅस्बेस्टॉसच्या जातीचे तंतू आढळतात. तिन्ही भुकट्या डोळ्यास सारख्याच पांढऱ्या. म्हणून घासताना भिंत ओली ठेवणे आणि नाकातोंडावर केवळ रुमाल न बांधता धूळ अडविणारा योग्य मुखवटा लावणे अवश्य आहे.

घरच्या घरी करता येण्याजोगी परीक्षा थोडी आहे. वाळलेल्या रंगावर हात घासून पाहावा. पूड हातास लागली तर बंधक कमी आणि भरण अधिक. तेथेच बोट ओले करून टेकवावे. तो ठिपका काळवंडला तर झाकण्याचे काम हवा करीत होती. कोरड्या पुडीवर लिंबाचा रस टाकल्यास खडू व जुना चुना फसफसतो, डोलोमाइट मंदपणे. बेराइट आणि शंखजिरे यांवर लिंबाचा परिणाम होत नाही. त्यांपैकी पहिले मुठीतल्या वजनावरून आणि दुसरे बोटांस लागणाऱ्या साबणासारख्या गुळगुळीतपणावरून ओळखावे.