नवजात रक्ताचा तोल

डेंग्यूच्या दिवसांत ‘प्लेटलेट्स किती आहेत?’ हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करताना मीही तो सतत ऐकतो. ‘त्या काम कशा करतात?’ असे मात्र क्वचितच कोणी विचारते. नवजात बाळाच्या बाबतीत हा दुसरा प्रश्न फार मोलाचा आहे.

संख्येत तसा फरक नाही. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या एका मायक्रोलिटर रक्तातही मोठ्या माणसाप्रमाणेच साधारण दीड ते साडेचार लाख प्लेटलेट्स असतात. फरक आहे तो स्वभावाचा. प्लेटलेट्स वेगळ्या काढून त्यांत अॅड्रेनलिन किंवा थ्रॉम्बिन मिसळले, की मोठ्यांच्या प्लेटलेट्स भराभर एकमेकींना चिकटतात. बाळाच्या मात्र संथपणे, अर्धवट चिकटतात. हे संदेश टिपणारे ग्राही त्यांच्या पृष्ठभागावर कमी असतात आणि आतली कॅल्शियमची हालचालही मंद असते.

मग बाळांना रक्तस्राव जास्त व्हायला हवा. पण दुसरी चाचणी उलटेच सांगते. या चाचणीत प्लेटलेट्स वेगळ्या न काढता अख्खे रक्त एका सूक्ष्म छिद्रातून वाहू देतात आणि छिद्र बुजायला लागणारा वेळ मोजतात. निरोगी, पूर्ण दिवसांच्या बाळाचे रक्त हे छिद्र मोठ्यांपेक्षा लवकर बुजवते!

या कोड्याचे उत्तर प्लेटलेटच्या शेजाऱ्यांत आहे. बाळाच्या रक्तात तांबड्या पेशी दाट असतात. वाहताना त्या मध्यभागी राहतात आणि प्लेटलेट्सना कडेला, रक्तवाहिनीच्या भिंतीकडे ढकलतात. शिवाय जखमेच्या जागी प्लेटलेट्सना धरून ठेवणारे ‘फॉन विलेब्रांड’ हे प्रथिन बाळात अधिक आणि जास्त चिकट रूपात असते. प्लेटलेट मंद, पण मदतनीस तत्पर, असा हा तोल आहे. पहिल्या दोनेक आठवड्यांत प्लेटलेट्स बऱ्याच सजग होतात. पुढच्या काही महिन्यांत तांबड्या पेशी आणि ते प्रथिनही उतरते. वर्षभरानंतर मुलांच्या प्लेटलेट्सचे वागणे बरेचसे मोठ्यांसारखे होते.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांत हा तोल नाजूक असतो. त्यांच्या प्लेटलेट्स आणखी मंद असतात आणि मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती असते. त्यामुळे संख्या घटली की प्लेटलेट्स चढवणे साहजिक वाटते. पण दात्याकडून येणाऱ्या प्लेटलेट्स प्रौढ असतात. ब्रिटन, आयर्लंड आणि नेदरलँड्समधल्या 660 बाळांवरील अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. काही बाळांना संख्या 50 हजारांखाली जाताच प्लेटलेट्स दिल्या, बाकीच्यांना 25 हजारांखाली गेल्यावरच. 28 दिवसांत मृत्यू किंवा मोठा रक्तस्राव पहिल्या गटात 26 टक्के बाळांच्या वाट्याला आला, दुसऱ्या गटात 19 टक्के.

असे का झाले असावे? प्रौढ, चपळ प्लेटलेट्स बाळाच्या आधीच तत्पर असलेल्या रक्तात पडल्याने तोल बिघडतो, हे एक संभाव्य कारण मानले जाते. अंगावर पडणारा जादा द्रवाचा भार आणि दाह हीदेखील कारणे असू शकतात. रक्तस्राव होत असलेल्या बाळाला प्लेटलेट्स लागतातच, याबद्दल वाद नाही. प्रश्न आहे तो केवळ आकडा पाहून, खबरदारी म्हणून देण्याचा.

म्हणून प्रयोगशाळेच्या अहवालावर बाळाचा आकडा मोठ्यांच्या चौकटीत बसवून वाचू नये, असे मला वाटते. नवजात बाळ म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे. त्याच्या मंद प्लेटलेट्स हा दोष नसून त्या वयाच्या हिशेबातली एक बाजू आहे.