झेलणारेच नसतील तर क्वार्टरबॅक काय करणार? 🏈

अमेरिकन फुटबॉलमध्ये कौतुक सगळं चेंडू फेकणाऱ्याचं, म्हणजे क्वार्टरबॅकचं. पण झेलायलाच कोणी नसेल तर? न्यू इंग्लंड पेट्रिअट्सचं बघा.

मार्च 2019 मध्ये त्यांच्या टाइट एंड रॉब ग्रॉन्कॉव्स्कीनं निवृत्ती जाहीर केली. टाइट एंड म्हणजे दुहेरी कामाचा गडी: समोरच्याला अडवायचं आणि संधी मिळताच सुटून चेंडूही झेलायचा. बचाव करणाऱ्यांपैकी लाइनबॅकरला चांगला टाइट एंड वेगात भारी पडतो, सेफ्टीला अंगापिंडानं. त्याच्यावर दोघे लावले की बाहेरचा रिसीव्हर (मुख्य काम झेलण्याचं) मोकळा!

त्याच वर्षी ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीच्या, पहिल्या फेरीत पेट्रिअट्सनी रिसीव्हर एन्कील हॅरीला घेतलं. त्याच्यानंतर निवडले गेलेले डीबो सॅम्युअल, ए. जे. ब्राउन आणि डीके मेटकाफ स्टार झाले. हॅरी काही चमकला नाही.

2020 मध्ये क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीही संघ सोडून गेला. त्या हंगामात संघाच्या सगळ्या टाइट एंडनी मिळून झेल घेतले फक्त 18. निकाल: 7 विजय, 9 पराभव.

2021 मध्ये मात्र पाकीट उघडलं. टाइट एंड हंटर हेन्री व जॉनू स्मिथ आणि रिसीव्हर केंड्रिक बॉर्न आले. एकट्या हेन्रीनं 9 टचडाउन झेलले आणि नवख्या क्वार्टरबॅक मॅक जोन्सला घेऊन संघ प्लेऑफमध्ये पोहोचला.

तुम्ही जनरल मॅनेजर असता तर आधी कोण: रिसीव्हर की टाइट एंड? 👇