ग्रब पुसला गेला की मागे सारला गेला?

लाइव्ह यूएसबीवरून ग्रब पुन्हा बसवण्याची कृती या भागात द्यायचे कबूल केले होते. ती आणखी एक आठवडा लांबणीवर टाकतो, कारण मध्येच एका वाचकाचा प्रश्न आला आहे : ‘विंडोज नव्याने टाकले आणि ग्रब पुसला गेला, तो परत कसा आणायचा?’ या प्रश्नातला ‘पुसला गेला’ हा भाग आधी तपासायला हवा. जुन्या बायोसच्या काळात तो अक्षरशः खरा होता. डिस्कचा पहिला सेक्टर ५१२ बाइटचा. त्यातले ६४ बाइट पार्टिशनच्या तक्त्याला आणि २ बाइट खुणेला गेले की सुरुवातीच्या कोडसाठी उरतात जेमतेम ४४६. तेवढ्यात दोघांचे बिऱ्हाड मांडणे शक्यच नव्हते. विंडोजचा इन्स्टॉलर तक्ता तसाच ठेवून तेवढा कोड आपला लिहायचा. ग्रबचा पुढचा भाग मागच्या सेक्टरांत शाबूत असला तरी त्याला हाक मारणारे कोणी उरत नसे. तेव्हा ग्रब पुन्हा बसवणे हाच इलाज होता.

यूईएफआयने ही टंचाईच संपवली. आता बूटलोडर ही ईएफआय सिस्टिम पार्टिशन या फॅट पद्धतीच्या छोट्या पार्टिशनवरची साधी फाइल असते. विंडोजची फाइल मायक्रोसॉफ्टच्या फोल्डरात, उबुंटूची उबुंटूच्या. कोणाला आधी उठवायचे याची रांग डिस्कवर नसून मदरबोर्डच्या स्मृतीत असते. विंडोज पुन्हा टाकले की ते या रांगेत पहिला नंबर पटकावते. शेजारच्या फोल्डरला सहसा हात लावत नाही. अशा वेळी फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये क्रम बदलला, किंवा लिनक्समधून ‘ईएफआयबूटएमजीआर’ने नवा क्रम दिला, की काम झाले. कधी फर्मवेअर अपडेटनंतर नोंद रांगेतूनच गळते, पण फाइल जागेवर असते. मग नोंद तेवढी नव्याने करायची. इन्स्टॉल करताना कोणी ईएफआय पार्टिशनच उडवले असेल, तर मात्र ग्रब खरोखर गेला.

यावर कोणी म्हणेल, एवढी चौकशी कशाला? ग्रब-इन्स्टॉल चालवून टाकला तर बिघडते काय? बिघडू शकते. लाइव्ह यूएसबी जुन्या बायोस पद्धतीने सुरू झाली असेल, तर ती आज्ञा जुन्याच पद्धतीचा ग्रब डिस्कच्या तोंडाशी लिहायला जाते. जीपीटी डिस्कवर त्यासाठी वेगळे पार्टिशन नसेल तर ती कुरकुरते. मग कुठेतरी वाचलेला ‘फोर्स’ हा पर्याय जोडून लोक ती रेटतात, आणि यूईएफआय पद्धतीने सुरू होणारा संगणक त्या कोडकडे ढुंकूनही बघत नाही. ‘सिस’मधल्या ‘फर्मवेअर’मध्ये ‘ईएफआय’ नावाचा फोल्डर दिसतो का, एवढे आधी पाहिले तर हा घोळ टळतो.

सर्वांत बोलका पुरावा ऑगस्ट २०२४चा. विंडोजच्या त्या महिन्याच्या सुरक्षा अपडेटनंतर अनेक ड्युअल-बूट संगणकांवर लिनक्स सुरू होईना. फाइल जागेवर होती, रांगही ठीक होती. पण जुने, असुरक्षित बूटलोडर बाद ठरवणाऱ्या एसबॅट या यादीची नवी आवृत्ती फर्मवेअरच्या स्मृतीत लिहिली गेली होती आणि त्या निकषावर ‘शिम’ हा सिक्युअर बूटमध्ये ग्रबच्या आधी चालणारा छोटा लोडर नापास होत होता. तोच जुना शिम दहादा बसवला असता तरी फरक पडला नसता. सिक्युअर बूट तात्पुरते बंद करायचे, लिनक्समध्ये शिरून ‘मोकयूटिल’ने एसबॅटचे ते धोरण काढायचे, शिम अद्ययावत करायचा आणि सिक्युअर बूट पुन्हा चालू करायचे, हा त्यावरचा उपाय होता. (बिटलॉकर चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की आधी हाताशी ठेवा. सिक्युअर बूटला हात लावताच विंडोज ती मागू शकते.)

एक आक्षेप मात्र मला मान्य आहे. काही लॅपटॉपचे फर्मवेअर रांगेला जुमानत नाही. क्रम कितीही बदला, पुढच्या वेळी विंडोजच उठते. तिथे ग्रब-इन्स्टॉलला ‘रिमूव्हेबल’ हा पर्याय देऊन ईएफआयच्या राखीव जागी प्रत ठेवली तर कधी कधी जमते. त्या जागी बहुधा विंडोजचीही प्रत असते, तेव्हा आधीची फाइल कुठे हलवायची यापासूनच पुढच्या आठवड्यातली कृती सुरू करू.