व्हायब्रेटरला सुट्टी!

वीस वर्षांचं लोन डोक्यावर घेऊन फ्लॅट बुक केला, की दर रविवारी साइटवर चक्कर मारायचा नादच लागतो. मागच्या महिन्यात असाच गेलो आणि चौथ्या मजल्यावरच्या एका कॉलमपाशी थबकलो. शटरिंग नुकतंच काढलेलं. तळाशी वीतभर भाग मधाच्या पोळ्यासारखा पोकळ, आतली सळई चक्क दिसतेय! ‘काही नाही हो, प्लास्टर झालं की दिसणार नाही,’ सुपरवायझर म्हणाला. दिसणार नाही, हाच तर प्रॉब्लेम!

रात्री सिव्हिलवाल्या मित्राला फोन लावला. ‘अरे, याला हनीकोंबिंग म्हणतात. सळया दाट, व्हायब्रेटर नीट फिरला नाही. उद्या पाणी शिरलं की सळई गंजणार. आधी प्लास्टर थांबव. अशा जागी खरं तर एससीसी हवं होतं.’

एससीसी म्हणजे सेल्फ कॉम्पॅक्टिंग काँक्रीट. स्वतःच्याच वजनाने सळयांच्या जाळीतून वाहत जातं आणि कानाकोपरा भरतं. व्हायब्रेटर लागतच नाही! पण नुसतं पाणी वाढवून हे जमत नाही बरं का. तसं केलं तर ताकद घटते आणि खडी खाली बसते. इथे खडी कमी, फ्लाय अॅशसारखी बारीक पूड जास्त आणि जोडीला सुपरप्लास्टिसायझर नावाचं रसायन. टेस्टही मस्त. शंकूसारखा साचा भरून वर उचलायचा, की काँक्रीट डोशासारखं पसरतं. साधारण ५५ ते ८५ सेंटिमीटर!

आयडिया जपानची. १९८०च्या दशकात तिथे कुशल कामगार कमी पडू लागले आणि बांधकामाच्या टिकाऊपणाची चिंता वाढली. टोकियो विद्यापीठाच्या प्रा. हाजिमे ओकामुरा यांनी १९८६मध्ये ही कल्पना मांडली, १९८८मध्ये पहिला नमुना तयार झाला. १९९८मध्ये खुल्या झालेल्या आकाशी काइक्यो पुलाच्या केबल्स ज्या अजस्र ठोकळ्यांत रोवल्या आहेत, त्यांचं काम यामुळे अडीचऐवजी दोन वर्षांत उरकलं. शिवाय आवाज कमी, माणसं कमी लागतात आणि कामगारांच्या हातांना दिवसभर हादरेही नाहीत.

मग सगळीकडे का नाही वापरत? एक तर महाग. त्यात शटरिंग मजबूत आणि घट्ट हवं, नाहीतर फटीतून सगळं बाहेर! मिक्सही काटेकोर लागतं. आपल्या आयएस १०२६२ या मानकात २०१९पासून त्याच्या मिक्स डिझाइनची पद्धत आहे. अख्ख्या बिल्डिंगला नको, पण सळयांची गर्दी असलेल्या कॉलम-बीमच्या जोडावर ते पैसे वसूल करतं.

सोमवारी बिल्डरला फोटोंसकट मेल टाकला. आरसीसी कन्सल्टंट आले, पोकळ भाग फोडून माझ्यासमोर ग्राउटिंग झालं. रेरा कायद्यानुसार ताब्यानंतर पाच वर्षांत स्ट्रक्चरमध्ये दोष निघाला, तर तो बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. पण प्लास्टरमागचा दोष पाच वर्षांत दिसेलच असं कुठेय? म्हणून बॉस, किचनच्या टाइल्स निवडण्याआधी एकदा शटरिंग काढलेला कॉलम बघून या!