हरित इमारतीतल्या भिंतींचे खास रंग : गैरसमज आणि वस्तुस्थिती

नव्या ऑफिसात किंवा शाळेत भिंतींना आता नुसतं इमल्शन मारून भागत नाही. कुठे टेक्स्चर हवं असतं, कुठे पॉलिश्ड प्लास्टर, कुठे मार्करने लिहून पुसता येणारं कोटिंग. इमारतीला ‘लीड’सारखं हरित प्रमाणपत्र हवं असेल, तर यातलं प्रत्येक कोटिंग कोणत्या गटात मोडतं हे रंगकाम सुरू होण्याआधीच ठरवावं लागतं. घोळ होतो तो इथेच.

गैरसमज : हा रंग ‘लीड-प्रमाणित’ आहे.
वस्तुस्थिती : हे प्रमाणपत्र इमारतीला मिळतं, रंगाला नाही. योग्य चाचणी अहवाल जोडलेला असेल, तर रंग इमारतीच्या गुणांना हातभार लावतो, इतकंच.

गैरसमज : खास फिनिश असेल तर मर्यादेत सूट मिळते.
वस्तुस्थिती : लीडमध्ये व्हीओसीच्या, म्हणजे हवेत उडून जाणाऱ्या सेंद्रिय रसायनांच्या मर्यादेसाठी लॉस एंजेलिस परिसरातल्या हवा नियंत्रण संस्थेचा नियम १११३ वापरता येतो. त्यात शोभेच्या ग्लेझला लिटरमागे ३५० ग्रॅमची मुभा आहे. पण थापीने ओढायच्या पॉलिश्ड प्लास्टरला ५०, त्यावरच्या पारदर्शक थराला १०० आणि खालच्या प्रायमरला १००. एकाच भिंतीवरच्या प्रत्येक थराचा हिशेब असा वेगळा. साध्या इमल्शनलाही मर्यादा ५०चीच. शिवाय कंपनीनेच एक माल अनेक कामांसाठी चालतो असं छापलं असेल, तर सहसा त्यातली सर्वांत कडक मर्यादा लागू होते.

गैरसमज : रंग पाण्यातला आहे, म्हणजे चिंता नाही.
वस्तुस्थिती : पाण्यातल्या रंगातही व्हीओसी असू शकतात आणि मर्यादा तपासताना पाणी वजा केलं जातं. समजा, एक लिटर रंगात २५ ग्रॅम व्हीओसी आहेत आणि अर्धा लिटर पाणी आहे. पाणी काढलं की उरलेल्या अर्ध्या लिटरमागे २५ ग्रॅम, म्हणजे लिटरमागे ५० ग्रॅम. म्हणून माहितीपत्रकातला आकडा पाण्यासह आहे की पाण्याविना, हे आधी विचारावं.

गैरसमज : व्हीओसी कमी, म्हणजे खोलीतली हवा स्वच्छ.
वस्तुस्थिती : लिटरमागच्या मर्यादा मुळात शहरावरचं धुरकं रोखण्यासाठी आल्या. धुरक्यात फारशी भर न घालणारं अ‍ॅसिटोनसारखं द्रावक त्या मोजणीतून वगळलं जातं. भिंतीतून खोलीत काय उत्सर्जित होतं, हे बंद चेंबरमधल्या चाचणीतूनच कळतं. कॅलिफोर्नियाच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या पद्धतीत नमुना आधी १० दिवस मुरवतात, मग चेंबरमध्ये ४ दिवस तपासतात. फॉर्मल्डिहाइडची मर्यादा घनमीटरमागे अवघी ९ मायक्रोग्रॅम आहे. म्हणूनच लीडच्या ४.१ आवृत्तीत आतल्या सर्व रंगांना व्हीओसी-प्रमाणाची अट पाळावी लागते आणि त्यातल्या किमान ७५ टक्के रंगांना उत्सर्जनाचीही. वास येत नाही, हा पुरावा कुठेच धरला जात नाही.

गैरसमज : कारखान्यात मोजलेला आकडा भिंतीवरही तोच राहतो.
वस्तुस्थिती : दुकानातलं टिंटिंग मशीन पांढऱ्या बेसमध्ये कलरंट सोडतं, त्यातही व्हीओसी असू शकतात. गडद शेडला कलरंट जास्त लागतो. साइटवर कोणी अंदाजाने थिनर ओतला, तर प्रयोगशाळेचा अहवाल त्या मिश्रणाला लागू होत नाही.

त्यामुळे ऑर्डर देण्याआधी प्रत्येक थरासाठी तीन गोष्टी लेखी मागाव्यात : नियमातला गट, पाणी वगळून व्हीओसीचा आकडा आणि उत्सर्जन चाचणीचा अहवाल. थिनरचं प्रमाण रंगाऱ्याला आधीच सांगून ठेवावं. प्रमाणपत्राचे गुण मालकाला मिळतील, पण बंद खोलीत दिवसभर रंगाचा वास पहिल्यांदा घेतो तो रंगारीच. ही कागदपत्रं त्याच्या फुप्फुसांसाठीही मागायची असतात.