दार कुठल्या बाजूनं लावायचं?

चंद्रपूरहून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. तरीही दीड हजार मीटर खोल समुद्रात असतो तितका दाब दुर्गापूरच्या महाऔष्णिक वीज केंद्रात दिवसरात्र कोंडून ठेवलेला असतो. तिथल्या २१० मेगावॅटच्या संचांत बॉयलरच्या ड्रममध्ये दर चौरस सेंटिमीटरला दीडशे किलोच्या आसपास दाब असतो. दुरुस्तीच्या वेळी माणूस ज्या मॅनहोलमधून ड्रममध्ये सरपटत शिरतो, त्याचं दार लंबगोल असतं आणि आतल्या बाजूनं टेकतं. बाहेरचे नट फक्त गॅस्केट धरण्यापुरते. भोक ४० बाय ३० सेंटिमीटरचं धरलं, तर वाफच ते दार सुमारे १४० टनांच्या रेट्यानं लावून धरते. आत बसणाऱ्या झाकणाचा कुकर याच तत्त्वावर चालतो.

पाणबुडीत दाब बाहेरून येतो, म्हणून झाकण बाहेरून टेकवायचं. हौसेनं स्वतःची छोटी पाणबुडी बांधणारे लोक जगात आहेत, आणि त्यांच्या कामात सगळ्यांत नाजूक जागा हीच. खोली दर १० मीटरनं वाढली की चौरस मीटरवर १० टन भार वाढतो. ६० सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर ३० मीटर खोलीला साडेआठ टन येतात. सपाट पत्रा एवढ्या भारानं मधोमध वाकतो आणि कडा उचलल्या जातात. घुमटाकार झाकणात तोच भार कडेपर्यंत वाहून जातो, त्यामुळे कमी जाडीत काम भागतं.

पण खरी परीक्षा झाकणाची नाही, भोकाची आहे. कवचाला भोक पाडलं की तिथली ताकद गेली. ती भरून काढायला भोकाभोवती जाड कडं वेल्ड करावं लागतं. वेल्डिंगच्या उष्णतेनं कडं हमखास वाकडं होतं. म्हणून आधी वेल्डिंग, मग ताण काढणं, आणि बैठकीचा शेवटचा कट सर्वांत शेवटी. झाकणाच्या रबरी ओ-रिंगच्या खाचेत आतून बाहेर जाणारा एक बारीक ओरखडा राहिला तरी पाणी तिथूनच वाट काढतं. खाचेबरोबर गोल फिरणारी लेथची रेघ त्या मानानं निरुपद्रवी. दाबाची चाचणी पाण्यानंच घ्यावी. कोंडलेली हवा फुटली तर जीव घेते.

आणि झाकण आतूनही उघडता आलंच पाहिजे. १८ जून २०२३ रोजी ‘टायटन’ पाणबुडी चिरडली आणि पाच जण गेले. दोष झाकणाचा होता असं नाही. पण तिचं दार बाहेरून बोल्टनं आवळलेलं असे. म्हणजे ती सुखरूप वर आली असती, तरी कुणी बोल्ट काढेपर्यंत आतली माणसं अडकलेलीच. मला हा निर्णय अक्षम्य वाटतो.

खोल पाण्यात मात्र आतून रेटूनही काही होत नाही. साडेआठ टन कोण उचलणार? तिथं सुटकेच्या कप्प्यात पाणी घेऊन दोन्हीकडचा दाब सारखा करावा लागतो, तेव्हा कुठे झाकण हलतं. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली, ७ फेब्रुवारी १९९२ रोजी नौदलात दाखल झालेली ‘शाल्की’ पाणबुडी वेगळी वाट काढते: सगळे खलाशी मावतील असा सुटकेचा गोलच तिच्यात आहे. शिवाय डिसेंबर २०१८ मध्ये मुंबईत नौदलाकडे ६५० मीटरपर्यंत जाणारं बचाव-यान आलं. ते अडकलेल्या पाणबुडीच्या झाकणाभोवतीच्या सपाट कड्यावर येऊन बसतं आणि मधलं पाणी उपसून टाकतं. मग बाहेरचा समुद्रच दोघांना एकमेकांवर दाबून धरतो, आणि झाकण उघडून माणसं कोरड्या अंगानं पलीकडे जातात.