लाकूडच फिरवा

इंदापूर-अकलूज रस्त्यावरच्या बावड्यासारख्या गावात सुताराकडे सीएनसी राउटर (संगणकावर चालणारं कोरीवकामाचं यंत्र) आला, की दारावरची नक्षी झटपट उतरते. पण पलंगाचा गोल पाय अडतो. साधा राउटर तीनच दिशांना चालतो. चौथा, फिरता अक्ष लाकूडच फिरवतो: एका टोकाला लाकूड पकडणारा तीन जबड्यांचा चक, दुसऱ्या टोकाला आधाराचा टेलस्टॉक. १०० मिलिमीटर व्यासाच्या पायावर १ अंशाची चूक म्हणजे पृष्ठभागावर सुमारे ०.८७ मिलिमीटर. व्यास दुप्पट, तर चूकही दुप्पट. म्हणून गिअरमधला ढिलेपणा आधी तपासावा.

खरी गोम मात्र पकडीत आहे. लांब लाकूड मध्ये लवते, थरथरते, नक्षीचे काठ उखडतात. सपाट फळीला हवा ओढून पकडणारं व्हॅक्यूम टेबल उत्तम. ओबडधोबड बाभळीखालून मात्र हवा गळते, तिथे क्लॅम्पच हवेत. पैसे मोजकेच असतील, तर मोठ्या मोटरीआधी चांगला चक घ्या.